बारा फेब्रुवारीचे जातक

खेड्यांत मुलाच्या जन्माची तिथि व नक्षत्र लक्षांत राहतें, तारीख राहत नाहीं. जुन्या पिढींतील पुष्कळ शेतकऱ्यांस आपली जन्मतारीख म्हणून मास्तरांनीं शाळेंत नांव घालतांना जी लिहिली तेवढीच ठाऊक असते. एकाच तारखेस जन्मलेल्या नामांकित पुरुषांच्या याद्या करण्याचा जो छंद पाश्चात्य देशांत आहे, तो म्हणूनच आपणांस कांहींसा पोरकट वाटतो. आणि बहुतेक तारखांच्या बाबतींत तो तसा आहेहि. परंतु १२ फेब्रुवारी ही तारीख शेतकऱ्यानें दखल घ्यावी अशी आहे. १६३७ सालीं या तारखेस हॉलंड देशांत आम्स्टरडॅम शहरीं यान स्वामरडॅम जन्मला. अळी, कोश व पांखरूं हीं एकाच जिवाचीं रूपें होत हें त्यानें शस्त्र चालवून दाखविलें आणि मधमाश्यांच्या पोळ्यांतील राजा हा राजा नसून आई आहे हेंहि सिद्ध केलें. १८०९ सालीं त्याच तारखेस इंग्लंडांत श्रूझबरी गांवीं चार्लस डार्विन जन्मला. गांडूळ जमिनींत किती काम करतें याचें मोजमाप त्यानें घेतलें. आणि अगदीं त्याच दिवशीं अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत एका शेतकऱ्याच्या ओंडक्यांच्या खोपटांत अब्राहाम लिंकन जन्मला. तो शास्त्रज्ञ नव्हे. तरी त्यास या पंक्तींत कां बसविलें तें पुढें येईल.

हा योग दैवी आहे असें मात्र कोणी समजूं नये. गणिती सांगतात कीं, कोणतींहि २३ माणसें एकत्र जमलीं तर त्यांत निदान दोघांची जन्मतारीख एकच निघण्याचा संभव निम्म्याहून किंचित् अधिक असतो. गांवच्या चावडीवर हा प्रयोग कोणासहि करून पाहतां येईल. फक्त मास्तरांनीं सरसकट लिहिलेली १ जून ही तारीख वगळावी लागेल. डार्विन व लिंकन यांचें तर वर्षहि एकच. एक जन्मला श्रीमंत डॉक्टराच्या वाड्यांत, दुसरा मातीच्या भुईवर. पत्रिका दाखवून विहिरीची जागा ठरविणारे जे आपले बंधु आहेत, त्यांनीं या दोघांच्या कुंडल्या एकदां शेजारीं शेजारीं मांडून पाहाव्या. याच तारखेस १८१३ सालीं अमेरिकेचा भूस्तरशास्त्रज्ञ जेम्स ड्वाइट डाना व १९१८ सालीं पदार्थविज्ञानाचा नोबेल पारितोषिक विजेता ज्यूलियन श्विंगर हेहि जन्मले. परंतु त्यांचा आपल्या धंद्याशीं संबंध दूरचा, म्हणून त्यांस येथूनच नमस्कार.

स्वामरडॅमचा बाप औषधें विकणारा होता व देशोदेशींच्या चमत्कारिक वस्तूंचा मोठा संग्रह त्यानें घरांत केला होता. त्या वस्तु पुसून लावून ठेवण्यांत मुलाचें बाळपण गेलें. पुढें त्यानें लायडन येथें वैद्यकाचा अभ्यास करून १६६७ सालीं पदवी घेतली, परंतु दवाखाना घातला नाहीं. किडे धरावे, पाळावे, चिरावे आणि त्यांचीं चित्रें काढावीं हाच त्याचा उद्योग. त्याच्या कात्र्या इतक्या बारीक असत कीं त्यांस धार लावण्यासहि भिंग लागे. कांचेच्या नळ्या केंसासारख्या. उन्हाळ्यांत सकाळीं सहापासून दुपारपर्यंत, प्रकाश अडूं नये म्हणून डोक्यावर कांहीं न घेतां, तो उन्हांत बसून काम करी व डोळे दिपून निकामी झाले म्हणजेच थांबे. बाप वैतागला. एवढें शिकलेला मुलगा एक कवडी मिळवीत नाहीं, हें कोणत्या बापास रुचेल? पैसे बंद करण्यापर्यंत मजल गेली.

त्या काळीं विद्वानांचीहि समजूत अशी होती कीं कीटक हे कुजलेल्या पदार्थांतून आपोआप उपजतात, आणि अळी मरून तिच्या जागीं पांखरूं हा दुसराच प्राणी निर्माण होतो. १६६८ सालीं इटलींतील टस्कनीचा राजपुत्र कोझिमो आम्स्टरडॅमला आला असतां स्वामरडॅमनें त्याच्यासमोर एक अळी घेतली, तिची कातडी हलक्या हातानें सोडविली आणि आंत घडी घालून ठेवलेले पंख व मिशा उलगडून दाखविल्या. पांखरूं अळींतच वाढत होतें! राजपुत्रानें खूष होऊन सगळ्या संग्रहाबद्दल १२,००० गिल्डर देऊं केले; अट एवढीच कीं फ्लॉरेन्स येथें दरबारीं येऊन राहावें. स्वामरडॅमनें तें नाकारलें. दुसऱ्याच वर्षीं, १६६९ सालीं, त्याचा कीटकांविषयींचा ग्रंथ निघाला, आणि तो विद्वानांच्या लॅटिनांत नव्हे, तर आपल्या डच भाषेंत.

या शोधाचें मोल आज आपणांस कळत नाहीं, कारण तो आपल्या अंगवळणीं पडला आहे. तरी पुरता पडला आहे असेंहि म्हणवत नाहीं. ढगाळ हवा आली कीं मावा ‘पडतो’ असें आपण अजून बोलतों. ढग मावा पाडीत नाहींत; दमट हवेंत आधींच असलेला मावा झपाट्यानें वाढतो, इतकेंच. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचें उदाहरण घ्या. मादी पांखरूं पात्यांवर, फुलांवर वा कोंवळ्या बोंडांवर अंडीं घालतें. अंड्यांतून निघालेली अळी लवकरच आंत शिरते व मग बोंडाचें तोंड बुजून जातें. डोमकळी दिसली म्हणजे अळी आंत पोंचली असें समजावें. त्यानंतर वरून कितीहि जहाल औषध मारलें तरी तें बोंडाच्या सालीवर पडतें, अळीवर नव्हे. म्हणून पांखरांची वर्दी देणारे कामगंध सापळे आधीं लावावयाचे, अंडीं व नुकती निघालेली अळी यांच्यावर उपाय करावयाचा, आणि शेवटची वेंचणी झाली कीं फरदड न ठेवतां पऱ्हाट्या काढून टाकावयाच्या. कारण सुप्तावस्थेंतील अळी पऱ्हाटींतील किडक्या बोंडांत व सरकींतच पुढच्या हंगामाची वाट पाहते. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी २०१८ सालीं आपल्या देशांत प्रथम आढळली, तिचा कोश जमिनींत असतो. उन्हाळी नांगरटीनें तो वर येतो व ऊन आणि पांखरें यांच्या तावडींत सापडतो. कोणत्या रूपांत कीड आपल्या हातीं लागते हें ओळखणें हाच या सर्व उपायांचा पाया आहे. औषधाच्या दुकानांत मात्र हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ‘अळी आहे ना, मग हें घ्या’ एवढ्यावर काम भागतें आणि एका हंगामांत पांच-पांच फवारण्यांचें बिल होतें.

आतां मधमाशी. पोळ्यांतील मोठ्या माशीस ॲरिस्टॉटलच्या काळापासून युरोपांत ‘राजा’ म्हणत आले. १६०९ सालीं इंग्लंडांतील चार्लस बटलर या धर्मोपदेशकानें ती राणी असल्याचें आपल्या पुस्तकांत सांगितलें होतें. पण सांगणें निराळें व दाखविणें निराळें. स्वामरडॅमनें त्या ‘राजा’चें पोट उघडलें तों आंत अंड्यांनीं भरलेले अंडाशय! त्यांचें त्यानें काढलेलें चित्र आजहि पाहणाऱ्यास थक्क करतें. पोळ्यांतील सुस्त, जाड माश्या ह्या नर होत हेंहि त्यानें इंद्रियें दाखवून ठरविलें. राणीचा व नरांचा संयोग मात्र त्यास पाहावयास मिळाला नाहीं. नरांच्या वासानेंच अंडीं फळत असावीं असा त्यानें तर्क केला, तो चुकला; राणी पोळ्याबाहेर उडून जाऊन हवेंत फळते हें पुढें शंभरांवर वर्षांनीं कळलें, आणि तें पक्कें करणारा स्वित्झर्लंडचा फ्रांस्वा ह्यूबर हा तर आंधळा होता; तो आपल्या नोकराच्या डोळ्यांनीं पाही.

राणी ही आई आहे हें कळल्यावांचून पेटींतील मधमाशीपालन शक्यच नव्हतें. युरोपीय जातीच्या माशींत राणी १६ दिवसांत, कामकरी माशी २१ दिवसांत व नर २४ दिवसांत तयार होतो, हा हिशेब हातीं आल्यावरच राणी बदलणें, वसाहत फोडून दोन करणें हीं कामें माणसाच्या स्वाधीन झालीं. आपल्याकडे सातेरी, आग्या व फुलोरी या माश्या पूर्वापार आहेत. त्यांपैकीं पेटींत नांदणारी सातेरीच. पुण्यास १९६२ सालीं मधमाश्यांच्या संशोधनाची केंद्रीय संस्था निघाली, आणि महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर हें गांव २०२२ सालीं मधाचें गांव म्हणून जाहीर झालें. मध हें मात्र मधमाशीचें दुय्यम उत्पन्न आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. मुख्य उत्पन्न फलधारणा.

तें कसें, हें पुन्हां डार्विनकडूनच ऐकावें. तांबड्या क्लोव्हर गवताचे १०० गोंडे त्यानें माश्यांस मोकळे ठेवले, त्यांस २,७०० बिया धरल्या. तितकेच गोंडे जाळीखालीं झांकले, त्यांस एकहि नाहीं. पांढऱ्या क्लोव्हरच्या २० मोकळ्या गोंड्यांस २,२९० बिया, झांकलेल्या २० गोंड्यांस शून्य. न्यूझीलंडांत तांबडें क्लोव्हर उत्तम वाढे पण बीं धरीना. तेव्हां १८८५ सालीं इंग्लंडांतून भुंगे नेऊन तेथें सोडले आणि बीं धरूं लागलें. पीक जोमदार दिसत असूनहि पदरीं कांहीं पडत नाहीं, या तक्रारीचें कारण कधीं कधीं खतांत नसून उडणाऱ्या जिवांच्या अभावांत असतें.

डार्विनच्या बापासहि मुलाची काळजी होतीच. शिकार, कुत्रे आणि उंदीर धरणें यांपलीकडे याच्या हातून कांहीं होणार नाहीं असें तो बोलून दाखवी. फरक इतकाच कीं हा बाप श्रीमंत होता व त्यानें हात आंखडला नाहीं. डार्विन स्वतः जमीनदारहि होता. १८४५ सालीं त्यानें लिंकनशायर परगण्यांत बीसबी येथें शेत घेऊन तें खंडानें लावलें होतें. स्वामरडॅमला असा आधार मिळाला नाहीं. संग्रह विकावयास काढला तर गिऱ्हाईक मिळेना, शरीर खंगलें, वयाचें ४३ वें वर्ष पुरें होऊन पांच दिवस झाले तों १७ फेब्रुवारी १६८० रोजीं तो वारला. मधमाशीचें सर्व काम हस्तलिखितांतच राहिलें. तें लायडनचा प्रख्यात वैद्य बोर्हाव्ह यानें विकत घेऊन १७३७-३८ सालीं छापलें, म्हणजे कर्त्याच्या मृत्यूनंतर तब्बल ५७ वर्षांनीं.

डार्विनचें नांव उत्क्रांतीच्या वादामुळें जगभर झालें. शेतकऱ्यानें वाचावें असें त्याचें पुस्तक मात्र शेवटचें, १८८१ सालीं, त्याच्या मृत्यूपूर्वीं सहा महिने निघालेलें, केवळ गांडुळांविषयींचें. त्याचा आरंभ ४४ वर्षें आधींचा. १८३७ सालीं त्याच्या मामानें आपल्या कुरणांत त्यास नेऊन दाखविलें कीं, कांहीं वर्षांपूर्वीं जमिनीवर पसरलेला चुना व कोळशाची राख आतां गवताखालीं कांहीं इंचांवर एका थरांत गाडली गेली आहे. कोणी नांगर घातला नव्हता. मामाचें म्हणणें, हें गांडुळांचें काम. तीं खालची माती गिळून वर विष्ठेच्या रूपानें टाकतात व वरची वस्तु हळूहळू खालीं जाते. डार्विननें त्यावर निबंध वाचला. पुढें १८६९ सालीं एका टीकाकारानें विचारलें कीं एवढ्याशा दुबळ्या प्राण्याकडून एवढें काम कसें होईल? डार्विनचें उत्तर असें होतें कीं, सतत होणाऱ्या लहान परिणामांची बेरीज माणसाच्या ध्यानांत येत नाहीं.

बेरीज त्यानें स्वतः केली. केंट परगण्यांतील आपल्या घराजवळच्या शेतांत १८४२ च्या डिसेंबरांत त्यानें खडूचे तुकडे पसरले, आणि १८७१ च्या नोव्हेंबरांत, २९ वर्षांनीं, तेथें चर खणला. खडूची पांढरी रेघ पृष्ठभागाखालीं ७ इंचांवर सांपडली. इतकी धीराची शेतकी चांचणी फार थोड्यांनीं केली असेल. दुसरें एक शेत इतकें खडकाळ कीं त्याचीं मुलें उतारावरून धांवलीं म्हणजे दगड खडखडत. तें १८४१ सालीं गवताखालीं सोडलें, आणि तीस वर्षांनीं घोडा भरधांव गेला तरी नाल दगडाला लागेना. गांडुळांची विष्ठा गोळा करून, वाळवून, तोलून त्यानें हिशेब मांडला: इंग्लंडच्या पुष्कळ भागांत दर एकरीं दरसाल १० टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटांतून जाऊन वर येते. अर्ध्या टनाची बैलगाडी धरली तर वीस गाड्या, आणि त्याहि बिनमजुरीच्या. कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानांतील डॉ. किंग व जॉन स्कॉट यांनीं त्यास आपल्या देशांतील गांडुळांची माहिती पुरविली होती.

घरांतील मंडळीनेंहि हातभार लावला. कुंड्यांतील गांडुळांपुढें शिटी फुंकली, मोठा पांवा वाजविला. गांडुळें ढिम्म, तेव्हां तीं बहिरीं ठरलीं. त्याच कुंड्या पियानोवर ठेवून सूर वाजवितांच मात्र तीं बिळांत पळालीं. म्हणजे कंप त्यांस कळतो. कागदाचे त्रिकोण टाकून पाहिले, तर बहुतेक वेळां तीं निमुळत्या टोंकाकडूनच ते बिळांत ओढीत. आपल्याकडे ज्यास ‘तोंड ना डोळे’ म्हणून हिणवितात त्या प्राण्यास इतकी समज आहे, हें वाचून मौज वाटते.

आतां मुद्द्याची गोष्ट. डार्विनच्या नांवावर अलीकडे गांडूळखताची जी जाहिरात चालते, ती सर्वस्वीं खरी नाहीं. खताच्या हौदांत जीं गांडुळें वाढवितात, आयसेनिया फेटिडा व युड्रिलस युजेनी हीं, तीं शेणकाल्यांत व पालापाचोळ्यांत पृष्ठभागाशीं राहणारीं. डार्विनचीं गांडुळें जमिनींत बिळें करून माती गिळणारीं होतीं. हौदांतील गांडुळें विकत आणून उघड्या काळ्या रानांत सोडलीं तर अन्नावांचून व ओलीवांचून तीं मरतात. तो पैसा मातींत गेला असें अक्षरशः म्हणावें. गांडूळखत हें उत्तम खत आहे यांत शंका नाहीं, परंतु त्यांत नत्र साधारण दीड ते दोन टक्के. सुरू उसास हेक्टरी २५० किलो, म्हणजे एकरीं १०० किलो नत्राची शिफारस आहे. तें सर्व यांतूनच पुरवावयाचें तर एकरीं पांच ते सात टन खत लागेल. तितकें ज्याच्या घरीं तयार होतें त्यानें जरूर घालावें. पोत्यानें विकत घेणाऱ्यानें आधीं हिशेब करावा.

मग रानांतील गांडुळांचा उपयोग किती? २०१४ सालीं अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब काढण्यांत आला. गांडुळें असलेल्या जमिनींत पीक सरासरीनें २५ टक्के अधिक आढळलें. परंतु त्याच हिशेबांत दोन गोष्टी दिसल्या: पिकाचे अवशेष जितके अधिक परत घातले तितका फायदा मोठा, आणि जमिनींत नत्राची रेलचेल असेल तेथें फायदा नाहींसा. म्हणजे गांडूळ नवें नत्र बनवीत नाहीं. पाल्यांत व सेंद्रिय द्रव्यांत अडकलेलें मोकळें करतें. २०२३ सालच्या एका अंदाजानें जगांतील धान्योत्पादनांत गांडुळांचा वांटा सुमारें साडेसहा टक्के आहे. यावरून आमचें अनुमान असें कीं, गांडुळें विकत घेण्यापेक्षां असलेलीं जगवावीं. उसाचें पाचट जाळूं नये, सरींत दाबावें. रोटाव्हेटर पुनःपुन्हां फिरवून मातीचें पीठ करूं नये. बांधाकडेला व झाडांखालीं आच्छादन ठेवावें. पाचट ठेवलें तर खोडव्यांत उंदीर होतात व आंतरमशागतीस अडचण येते, ही शेतकऱ्यांची तक्रार खोटी नाहीं. तरी जाळून एका दुपारींत जें जातें तें परत मिळविण्यास वर्षें लागतात.

लिंकनविषयीं थोडक्यांत. उथळ पाण्यांतून बोटी उचलून नेण्याच्या युक्तीचें पेटंट त्यानें १८४९ सालीं घेतलें होतें. पेटंट असलेला अमेरिकेचा अध्यक्ष तो एकटाच. परंतु त्याचें खरें काम १८६२ सालचें. यादवी युद्ध ऐन भरांत असतां मे महिन्यांत त्यानें शेतकी खातें स्थापन केलें आणि जुलईंत मॉरिल यांच्या कायद्यावर सही केली. त्या कायद्यानें प्रत्येक संस्थानास त्याच्या वतीनें काँग्रेसमध्यें असलेल्या दर सभासदामागें ३०,००० एकर सरकारी जमीन देऊन तिच्या विक्रींतून शेतकी व यंत्रविद्येचीं कॉलेजें काढावयाचीं होतीं. ती जमीन मूळच्या जमातींकडून घेतलेली होती, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे. शिक्षण, संशोधन व शेतकऱ्यापर्यंत प्रसार हीं तिन्ही कामें एका छपराखालीं आणण्याची पद्धति या कॉलेजांतून वाढली, आणि तिच्याच धर्तीवर आपल्याकडे १९६० सालीं पंतनगरास, व पुढें राहुरीस १९६८, अकोल्यास १९६९ आणि परभणी व दापोली येथें १९७२ सालीं कृषि विद्यापीठें निघालीं. उसाच्या खताचा वर दिलेला आंकडा अशाच विद्यापीठांच्या शिफारशींतला आहे.

१२ फेब्रुवारीच्या सुमारास आपल्या देशावरील रानांत कांद्याचे बीजोत्पादनाचे गोंडे फुलूं लागलेले असतात. कांद्याच्या एकाच फुलांत पराग आधीं गळतो व स्त्रीकेसर मागाहून तयार होतो, म्हणून माशीवांचून बीं नीट भरत नाहीं. फुलकिड्यांसाठीं फवारणी करणें भागच असेल तर माश्या परतल्यावर, सायंकाळीं करावी, आणि शेजारीं कोणाच्या पेट्या असल्यास त्यास आदल्या दिवशीं निरोप द्यावा. गांडुळें मात्र या दिवसांत दिसणार नाहींत. तीं खोल ओलीकडे उतरून वेटोळें करून पडलेलीं असतात. त्यांची मोजणी श्रावण-भाद्रपदांत, पाऊस उघडल्यावर करावी. शेताच्या दहा निरनिराळ्या जागीं एक फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट खोल असे खड्डे काढून, माती गोणपाटावर पसरून गांडुळें मोजावीं व पुन्हां सोडावीं. हेन्सेन या जर्मन शास्त्रज्ञानें बागेच्या जमिनींत एकरीं ५३,७६७ गांडुळें मोजलीं होतीं व पिकाच्या शेतांत त्याच्या निम्मीं धरलीं होतीं. हाच आंकडा डार्विननें घेतला. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. तेव्हां दहा खड्ड्यांत मिळून बारा निघालीं तर हेन्सेनच्या बागेची बरोबरी झाली. सहा निघालीं तर त्याच्या शेताची. आंकडा गट नंबरासह वहींत टिपून ठेवावा आणि पुढल्या सालीं त्याच जागीं पुन्हां मोजावें.